आजोबा गावाला गेले असतील



मी मूळची सांगलीची. 2013 साली नवऱ्याच्या नोकरीमुळे चेन्नईला गेले आणि तिथलीच झाले. शेजारधर्म या विषयावर बोलाल का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. कारण चांगल्या शेजारणीची गोष्ट माझ्याकडे आहे, पण त्या गोष्टीतली चांगली शेजारीण मी नाही. मग वाटलं, तीच गोष्ट सांगावी.

ही गोष्ट एका वाक्याची आहे. चार शब्दांचं वाक्य. 1 डिसेंबर 2015 च्या रात्री मी ते बोलले: “आजोबा गावाला गेले असतील.”

ते कशावर बोलले हे सांगण्याआधी तुम्हाला आमची इमारत दाखवते.

चेन्नईत अड्यार नदीच्या काठाला कोट्टूरपुरम नावाची वस्ती आहे. तिथे एका जुन्या इमारतीत आम्ही भाड्याने राहत होतो. तळमजला आणि वर दोन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही तळमजल्यावर. मी, नवरा आणि आमची अकरा महिन्यांची मुलगी. समोरच्या दारात एक निवृत्त आजोबा, एकटे राहायचे. जिन्याखालच्या खोलीत वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं. आणि आमच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर, मामी.

मामी कुणाच्या मामी होत्या कोण जाणे. तिकडे ब्राह्मण घरांत शेजारच्या वयस्कर बाईंना मामी म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं. साठी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा परदेशात. पहाटे साडेपाचला त्या खाली यायच्या, फाटकासमोर सडा घालून कोलम काढायच्या. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण रोजची. ते झालं की गुडघे धरत, एकेका दारापाशी थांबत वर जायच्या.

आणि थांबल्या की विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला: “साप्टाच्चा?” म्हणजे, जेवलीस का? तमिळनाडूत ‘कसे आहात’च्या जागी हेच विचारतात. ते ठीक. पण मग पुढचे प्रश्न. बाळ रात्री का रडत होतं? सासूबाई कधी येणार आहेत? नवऱ्याला रोज इतका उशीर का होतो? काल भाजी काय केली, मोहरी जळल्यासारखा वास आला.

मला हे अजिबात आवडायचं नाही. मी एका शब्दात उत्तर द्यायचे आणि दार लावून घ्यायचे. पुढे पुढे तर मामींची चाहूल लागली की दारच उघडायचे नाही. फोनवर आईकडे तक्रार केली, “वरच्या मामींना फार चौकश्या गं.” आई म्हणाली, “चौकश्याच करतायत ना? भाडं तर मागत नाहीत.”

त्या वर्षी दिवाळीत मामी एक स्टीलची वाटी घेऊन आल्या. आत काळपट, चिकट असं काहीतरी. आलं, ओवा, पिंपळी, गूळ, तूप घालून केलेलं लेहियम. फराळ पचावा म्हणून तमिळ घरांत दिवाळीच्या दिवशी ते खातात. मी घेतलं, थँक्यू म्हणाले, दार लावलं. वाटी रिकामी झाली, धुऊन फळीवर ठेवली. आता तुम्हाला माहीत आहे, शेजारची वाटी आपण रिकामी परत करत नाही. म्हटलं, काहीतरी गोडधोड करीन आणि देईन. ते काहीतरी काही झालं नाही. तीन आठवडे वाटी फळीवर होती.

आणि मग पाऊस आला.

चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, परतीच्या वाऱ्यांचा. त्या वर्षी नोव्हेंबरभर तो कोसळत होता. तलाव भरले होते, जमिनीत आणखी पाणी मुरायला जागा नव्हती. अशात 1 डिसेंबरला दिवसभर धार लागली. जवळच्या तांबरमला 24 तासांत 49 सेंटीमीटर पाऊस झाला. अड्यार नदीच्या वरच्या अंगाला चेंबरंबाक्कम नावाचा मोठा तलाव आहे. तो भरला की त्याचं पाणी नदीत सोडतात. ते सोडलेलं होतं, आणि वाटेतल्या लहानमोठ्या तलावांचं पाणीही त्याच नदीत उतरत होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री मला एवढंच ठाऊक होतं की संध्याकाळपासून वीज नाही, नवरा ओएमआरवरच्या ऑफिसात अडकला आहे आणि रात्री नऊनंतर त्याचा फोन लागत नाही. मुलीला कुशीत घेऊन मी मेणबत्तीच्या उजेडात बसले होते. पाऊस आहे, थांबेल, असं स्वतःला सांगत होते.

साडेअकराच्या सुमाराला दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं. उघडलं तर मामी. एका हातात टॉर्च, पदर खोचलेला, मागे वॉचमन. घोट्यापर्यंत पाणी. मामींनी मला काही विचारलं नाही. सांगितलं, “बाळाला घे. बाळाचं औषध घे. वर चल.”

वॉचमनच्या लक्षात एक गोष्ट आली होती. आमच्या गल्लीत पाणी साचणं नवीन नव्हतं, पण ते नेहमी गल्लीतून नदीकडे जायचं. त्या रात्री ते नदीकडून गल्लीत येत होतं. त्याने वर जाऊन मामींना उठवलं. का मामींनाच? कारण कुठल्या घरात कोण आहे हे त्यांनाच माहीत असणार.

बाळाचं औषध. तिला त्या आठवड्यात ताप होता, हे मी इमारतीत कुणालाही सांगितलं नव्हतं. मामींनी रात्रीचं रडणं ऐकलं होतं आणि सकाळी माझ्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी पाहिली होती.

मी मुलीला उचललं, पिशवी भरली आणि बाहेर आले. मामी समोरचं दार ठोठावत होत्या. आजोबांचं. आतून काही आवाज नाही. वीज नव्हती, त्यामुळे बेल वाजणार नव्हती. मामी पुन्हा ठोठावत होत्या. पाणी आता पोटरीला लागत होतं. माझ्या कडेवर मूल होतं, मला फक्त जिना दिसत होता. आणि मी ते वाक्य बोलले.

“आजोबा गावाला गेले असतील.”

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलले, पण अर्थ तोच. मला खरंच तसं वाटलं होतं का? खरं सांगू? मला काहीच वाटलं नव्हतं. दोन वर्षं तो माणूस माझ्या दारापासून आठ पावलांवर राहत होता आणि तो घरात आहे की नाही हे सांगण्याजोगं माझ्याकडे काहीही नव्हतं. म्हणून ‘असतील’.

मामींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकच शब्द म्हणाल्या, “इरुक्कार.”

म्हणजे, आहेत.

मग वॉचमनला म्हणाल्या, सकाळी दुधाची पिशवी उचललेली आहे. गावाला जाताना ते दूध बंद करतात. रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात, ठोठावून ऐकू येणार नाही. आणि कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली काढली. आजोबांनी ती त्यांच्याकडे ठेवायला दिली होती.

दार उघडलं तर आजोबा आत गाढ झोपले होते. पलंगाखालच्या चपला तरंगत होत्या.

वॉचमनने त्यांना उठवलं, हाताला धरून वर नेलं. पहाटे मी पहिल्या मजल्याच्या जिन्यातून खाली वाकून पाहिलं तर आमच्या दोघांच्या दारांचा फक्त वरचा भाग दिसत होता. पाणी छातीच्या वर गेलं होतं.

आजोबा कदाचित जागे झाले असते. पलंगापर्यंत पाणी आलं असतं तेव्हा उठले असते, अंधारात चष्मा शोधला असता, दाराची कडी शोधली असती. कदाचित बाहेरही पडले असते. आज दहा वर्षं होत आली, मी हा हिशोब अजून करते. आणि दर वेळी तिथेच येऊन थांबते की मामी नसत्या आणि दारात मी एकटीच असते, तर मी ते वाक्य बोलून जिना चढले असते.

पुढचे दोन दिवस मामींच्या दोन खोल्यांत आम्ही चौदा माणसं होतो. वीज नाही, फोन नाही, नळाला पाणी नाही. तेव्हाच्या दोन-तीन गोष्टी सांगते.

मामींच्या घरात अर्धा लिटर दूध होतं. मामींसारख्या बाईचा दिवस फिल्टर कॉफीशिवाय सुरू होत नाही. सकाळी सहाला त्यांनी डिकॉक्शन काढलं, दुधाचं पातेलं हातात घेतलं, माझ्या मुलीकडे पाहिलं आणि पातेलं झाकून ठेवलं. दोन दिवस त्या कोरी कॉफी प्यायल्या. प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायच्या. बाहेर दुधाच्या पिशवीला लोक कितीतरी पट पैसे मोजत होते.

2 डिसेंबरला सकाळी आजोबा जिन्यात बसून पेपरची वाट बघत होते. त्यांना आम्ही सांगतोय, अहो, गल्लीत माणूस बुडेल इतकं पाणी आहे, पेपर कुठून येणार? ते म्हणाले, ‘द हिंदू’ येणार. तो येतोच. त्या दिवशी तो आला नाही. नंतर कळलं की छापखान्यापर्यंत कामगार पोहोचूच शकले नव्हते. 1878 पासून चालू असलेल्या त्या पेपरची चेन्नईची आवृत्ती पुरामुळे पहिल्यांदाच छापली गेली नव्हती. आजोबांना हे कळल्यावर म्हणाले, “मग माझी चूक नाही.”

आणि तिसरी गोष्ट, जी सांगायची की नाही यावर मी बराच विचार केला. मामींच्या घरात ‘मडि’ होती. मडि म्हणजे सोवळं. त्यांनी वॉचमनच्या बायकोला आणि मुलांना वर आणलं, अंथरूण दिलं, आपल्या साड्या नेसायला दिल्या. पण पहिल्या दिवशी ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच बसून होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिला ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मामींचे गुडघे उठू देईनात. चौदा माणसांचा भात. मामींनी तिला हाक मारली, “ये, तू कर.” ती आत गेली, भात टाकला, रसम केलं. आम्ही सगळ्यांनी जेवलं, मामींनीही. पूर ओसरल्यावर मात्र ती बाई पुन्हा त्या स्वयंपाकघरात गेलेली मी पाहिली नाही.

मामी देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही. माणूसच होत्या. पण त्यांना बारा बिऱ्हाडांत कोण कुठे आहे हे माहीत होतं.

3 तारखेला होड्या आल्या. समुद्रकाठच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या शहरात आणल्या होत्या. माझा नवरा अर्धं अंतर पाण्यातून चालत घरी पोहोचला. पाणी उतरल्यावर आम्ही घर उघडलं तेव्हा सगळीकडे वीतभर चिखल. त्या चिखलात, मोरीच्या कोपऱ्यात, मामींची वाटी सापडली. मी ती घासली. गॅस मिळाल्यावर पहिल्यांदा शिरा केला आणि त्याच वाटीत घालून वर नेला. मामी वाटीकडे बघून म्हणाल्या, “ही तुझ्याकडे होती होय? मी घरभर शोधली.” मग शिरा चाखला आणि म्हणाल्या, “तूप कमी आहे.”

पुढे मी या विषयावर थोडंफार वाचलं. मला जाणून घ्यायचं होतं की हे फक्त आमच्या इमारतीत झालं की सगळीकडे असंच होतं.

अमेरिकेत शिकागो शहरात जुलै 1995 मध्ये भयंकर उन्हाळा झाला. त्या लाटेत 739 माणसं दगावली. त्यांतली कितीतरी म्हातारी माणसं बंद घरात एकटीच होती. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या लाटेवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली आहे, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हींकडे ऊन तेच, म्हाताऱ्या माणसांमधली गरिबी जवळपास सारखी, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. पण मृत्यूंचं प्रमाण एकीकडे दुसरीच्या दहापट. कारण काय सापडलं? एका वस्तीत दुकानं उठून गेली होती, घरं ओस पडली होती, रस्त्यावर जायची लोकांना भीती वाटत होती. म्हातारी माणसं दार लावून बसली. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले, फुटपाथवर बाजार, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान. म्हातारी माणसं बाहेर पडत होती, आणि बाहेर पडली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

लक्षात येणं. मामी पहाटे कोलम काढून वर जाताना दुधाच्या पिशव्या बघायच्या, तेच हे.

दुसरे एक अभ्यासक आहेत, डॅनियल ऑल्ड्रिच. मोठ्या आपत्तीनंतर कोणती वस्ती लवकर सावरते, हा त्यांचा विषय. जपानमधल्या कोबे शहराचा भूकंप त्यांनी अभ्यासला आणि आपल्या तमिळनाडूची 2004 ची त्सुनामीही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पैसा आणि सरकारी मदत लागतेच, पण लोकांचं एकमेकांशी असलेलं नातं तितकंच महत्त्वाचं ठरतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ज्या गावांत मच्छीमारांची पंचायत मजबूत होती, तिथे मदत लवकर आली आणि नीट वाटली गेली.

पण त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. त्याच मजबूत गावांत काही लोक मदतीच्या यादीतून वगळले गेले. दलित, बाहेरून आलेले लोक, काही ठिकाणी एकट्या बायका. गावाचं आपसांतलं नातं घट्ट होतं, आणि हे लोक त्या ‘आपसां’त धरलेलेच नव्हते.

हे वाचताना मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली ती बाई आठवली. आणि आमचं स्वतःचं घर शोधणंही आठवलं. चेन्नईत आम्ही नऊ घरं पाहिली. त्यांतल्या चार ठिकाणी पहिला प्रश्न होता, तुम्ही मांसाहारी आहात का? आपण महाराष्ट्रातही हेच करतो, हे मला माहीत आहे. एखाद्याचं आडनाव ऐकून, धर्म बघून आपण त्याला घर नाकारतो, तेव्हा त्याला आपण घरासोबत शेजारही नाकारत असतो. पुराच्या रात्री ज्याच्याकडे त्याची किल्ली असेल असं माणूसच त्याला मिळू देत नाही. चांगला शेजार हवा असं आपण सगळेच म्हणतो. पण आपल्यासारखाच शेजारी हवा, या हट्टात आणि चांगल्या शेजारात फरक आहे. शेजारी आपण निवडायचा नसतो. भिंतीपलीकडे जो आहे तो शेजारी.

आता एक शब्द घेऊ. चौकशी. आपल्या भाषेत पोलीसही चौकशी करतात आणि आजारी माणसाकडे गेलो की आपणही चौकशी करतो. शब्द एकच. मी मामींची चौकशी पहिल्या अर्थाने घेत होते. तशीच आपल्याकडे ‘नजर ठेवणं’ आणि ‘लक्ष ठेवणं’ अशी जोडी आहे. डोळे दोन्हींना लागतात. एकीत तुमची चूक शोधायची असते, दुसरीत तुमची खुशाली.

इथे मी एक मान्य करते. सगळे शेजारी मामींसारखे नसतात. नजर ठेवणारे असतातच. एकट्या राहणाऱ्या मुलीकडे कोण आलं, कधी गेलं याची नोंद ठेवणारे असतात. त्यांच्यासाठी दार बंद करायलाच हवं. माझी चूक अशी झाली की मी फरक ओळखायचे कष्टच घेतले नाहीत. सगळ्यांसाठी एकच दार, आणि ते बंद.

ओळखायचं कसं? मला एक साधी खूण सापडली आहे. विचारून झाल्यावर तो माणूस काय करतो ते बघायचं. बाळ का रडत होतं, असं विचारून मामी दुसऱ्या दिवशी ओव्याची पुरचुंडी देऊन गेल्या होत्या. मी ती वापरली नव्हती, तो भाग वेगळा.

पुरानंतर मी एक काम केलं. आईला फोन करून तिच्या इमारतीतल्या चार शेजाऱ्यांचे नंबर मागून घेतले. आई म्हणाली, “तुला कशाला?” म्हटलं, “असू देत.” आपल्यातले कितीतरी जण आईवडिलांपासून हजार-हजार किलोमीटरवर राहतात. इंदूर, हैदराबाद, दिल्ली, बंगळुरू. आपण त्यांना रोज फोन करतो. पण त्यांनी फोन उचलला नाही तर? त्यांच्या शेजारच्या दाराचा नंबर किती जणांकडे आहे?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. टीव्हीवर माझंच गाव दिसत होतं आणि आईबाबांचे फोन बंद. मी चेन्नईत. त्या चार नंबरांपैकी तीन लागले नाहीत. चौथा लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, ज्यांना मी आयुष्यात कधी भेटले नव्हते. मी नाव सांगितल्याबरोबर म्हणाल्या, “दोघं आमच्याकडे आहेत. बाबांनी बीपीची गोळी घेतली आहे. आत्ताच पिठलं-भात जेवले.”

आहेत. घेतली आहे. जेवले. त्या तीन वाक्यांत ‘असतील’ कुठेच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. आणि मला कळलं की आईसुद्धा कुणाच्या तरी चौकशांना उत्तरं देत आली असणार, वाट्या देत-घेत आली असणार. नाहीतर बाबांची गोळी कोणती हे त्या बाईंना कसं कळावं?

आता आम्ही चेन्नईतच चौदाव्या मजल्यावर राहतो. फाटकावर पहारा, लिफ्टला कार्ड, दूध ॲपवर. सगळं सुरक्षित. पण या मजल्यावरच्या चार दारांमागे कोण आहे, हे इथे आपोआप कळायला जागा नाही. कोलम काढणारं कुणी नाही, जिना कुणी चढत नाही. म्हणून इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी मुद्दाम एक काम केलं. शेजारचं दार वाजवलं आणि हिंग मागितलं.

दार उघडणारी मुलगी गोंधळली. हिंग आता दहा मिनिटांत घरपोच येतं, मग ही बाई मागायला का आली? तिने हिंग दिलं. मी डबी परत करताना त्यात चार शेंगदाण्याचे लाडू घातले. पुढच्या आठवड्यात ती इस्त्री मागायला आली. आज तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आहे आणि माझी तिच्याकडे.

देणं सोपं असतं, मंडळी. मागणं अवघड जातं. कुणापुढे हात पसरू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण वाटीभर साखर मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे. मी मागितलं की समोरच्यालाही माझ्याकडे मागायची मोकळीक मिळते. मी मामींकडे दोन वर्षांत एकदाही काही मागितलं नाही. मागितलं असतं, तर गप्पांत कधीतरी मला कळलं असतं की समोरचे आजोबा रात्री कानातलं यंत्र काढून झोपतात.

शेवटी आजोबांचं सांगते.

पुरानंतर काही महिने मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. एक दिवस मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या रात्री मी काय म्हणाले होते ते. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “मला तरी तुमच्या घरात एवढं लहान बाळ आहे हे कुठे धड माहीत होतं? मला ते रडलेलं ऐकूच येत नाही.”

मग उठून आत गेले आणि एक किल्ली घेऊन आले. म्हणाले, “मामींचे गुडघे दुखतात. एक तुमच्याकडे असू दे.”

त्यानंतर रोज सकाळी मी दार उघडून त्यांच्या दुधाच्या पिशवीकडे बघत असे. 2018 मध्ये ते गेले. आजारपणात गेले, दवाखान्यात, आणि त्या वेळी मामी आणि मी आळीपाळीने तिथे होतो. मामी आता मुलाकडे परदेशात असतात. रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न, “साप्टाच्चा?” आणि मग पुढचे सगळे. मी सगळ्यांची उत्तरं देते, भाजीसकट.

तुमच्याकडे एक मागणं आहे. आज घरी गेल्यावर तुमच्या मजल्यावरची, तुमच्या गल्लीतली दारं एकेक करून आठवा. प्रत्येक दारामागे या क्षणी कोण आहे? जिथे तुमचं उत्तर ‘असतील’ असं येईल, तिथे उद्या जाऊन काहीतरी मागा. हिंग मागा, सुई-दोरा मागा, काहीही मागा. आणि वाटी रिकामी परत करू नका.

आजोबांची किल्ली अजून माझ्याकडे आहे. त्या घरात आता दुसरं कुणी राहतं. कुलूप बदललं असेल.